शंभरातले किती

वाशीच्या इतिहासात कापसाच्या शेतीचं स्थान अनन्यसाधारण आहे. हे विधान माझं नाही. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, ग्रिल लावलेल्या एका बाल्कनीसमोर, लाल फीत कापून झाल्यावर प्रमुख पाहुण्यांनी ते केलं होतं. मला तसली वाक्यं जमवायचा छंद असल्यामुळे मी ते घरी जाऊन लगेच लिहून ठेवलं. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. वाशीत तेव्हा खाडी होती, मिठागरं होती, उरलीसुरली भाताची खाचरं होती आणि एकाच नकाशावरून काढलेल्या इमारती होत्या. आपला जिना कुठला हे माणसं वाळत घातलेल्या कपड्यांवरून ओळखत. कापूस होता तो आमच्या गाद्यांमध्ये.

ज्यांच्या कचेरीचं हे उद्घाटन होतं ते यादवराव गावंडे पाहुण्यांच्या शेजारी उभे राहून भाषण ऐकत होते. उंच, सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी, आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे फुगलेले. पाहुण्यांनी पांढऱ्या सोन्यापासून सुरुवात करून बळीराजापर्यंत मजल मारली आणि ते खाली बसले. गावंडे आभार मानायला पुढे आले. म्हणाले, पाहुणे आले, बरं झालं. वाशीत कापूस होत नाही, तो आमच्या यवतमाळकडे होतो. मग जरा थांबून ते म्हणाले, "तिकडं शेतकरी एका जागी तीन-तीन दाणे टाकते. काहून? तं त्याले कोन्याच बियान्याचा भरोसा नाही. ज्या दिवशी एखादा मानूस माह्या पिशवीतला एकच दाना टाकून पुढं सरकंल, त्या दिवशी माहा धंदा सुरू झाला म्हना."

पाहुण्यांची समजूत धंदा आजच सुरू झाला अशी होती. हातात पेढा घेऊन ते काहीसे गोंधळलेल्या चेहऱ्याने गाडीत बसले.

तीन दाण्यांची गोष्ट मला नंतर समजली. कापूस टोबायचा म्हणजे दोरीने आखलेल्या चौफुलीवर बोटाने खड्डा करून दाणा टाकायचा. त्यातला एक मेलेला निघेल, एक किडा खाईल, एक तरी उगवेल, या हिशेबाने शेतकरी तीन टाकतो. तिन्ही उगवले तर दोन उपटून टाकावे लागतात. गावंड्यांच्या मते उपटलेलं प्रत्येक रोप म्हणजे बियाणं विकणाऱ्याच्या तोंडावर मारलेली थप्पड होती.

बावीस वर्षं ते सरकारच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेत होते. ती बावीस वर्षं ते तीन शब्दांत सांगत: दाने मोजून राहिलो. लॉटमधले शंभर दाणे ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवायचे, बारा दिवसांनी किती उगवले ते मोजायचं आणि आकडा लिहायचा. कायद्याने कापसाला पासष्ट पुरतात. चौसष्ट आले तर गावंडे चौसष्ट लिहीत. या सवयीमुळे त्यांच्या बदल्या पुष्कळ झाल्या आणि बढत्या बेताच्या. पुढे मुदतीआधी निवृत्त होऊन त्यांनी स्वतःच शेतकऱ्यांना प्रमाणित बियाणं पुरवायचं ठरवलं, तेव्हा एक अडचण त्यांच्या ध्यानात आली. जिल्ह्यातल्या प्रत्येक दुकानदाराला त्यांनी कधी ना कधी नापास केलेलं होतं. त्यांना गोदाम द्यायला कोणीच तयार होईना.

मुलगा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात होता. त्याच्या वाशीच्या फ्लॅटवर गावंडे आठ दिवसांसाठी म्हणून आले. चौथ्या दिवशी त्यांना शोध लागला, की या रस्त्यावर तेजाब मुबलक आहे. सरकीवर लव असते. ती दाण्याला नीट ओल पोचू देत नाही, आणि भरलेला दाणा कोणता, पोकळ कोणता, तेही कळू देत नाही. तेजाबात घोळून भरपूर पाण्यात धुतला की दाणा काळा, गुळगुळीत निघतो. मग पाण्यात टाकायचा. पोकळ तरंगतो, भरलेला बुडतो. आमच्याकडं तेजाब औषधासारखं मोजून देतात, इथं पान्यासारखं भेटते, असं गावंडे हरखून सांगत. वाशीत त्या काळी पाणीसुद्धा पाण्यासारखं मिळत नव्हतं, हे मी त्यांना सांगायला गेलो नाही.

दिघ्यात त्यांनी पत्र्याची एक शेड घेतली. गावाकडच्या ओळखीच्या शेतांतलं, अधिकाऱ्यांनी पाहून मान्य केलेलं बियाणं जानेवारीत ट्रकने तिथे यायचं. तेजाबात घोळणं, धुणं, वाळवणं, किडीचं औषध लावणं चालायचं. तपासणीवाले येऊन नमुने न्यायचे, त्यांचा कागद आला की पिशवीला निळी चिठ्ठी शिवली जायची आणि मे संपायच्या आत सगळा माल परत विदर्भात. खाडीची दमट हवा बियाण्याला मारते, त्यामुळे पावसाळ्यात वाशीत एक दाणा उरता कामा नये, असा नियम होता. कापूस पिकतो तिथून बियाणं उचलायचं, जिथे तो पिकणं शक्य नाही तिथे आणायचं आणि पुन्हा तिकडेच पोचवायचं, असा हा व्यवसाय. गावंड्यांच्या सदऱ्याला तेजाबाची बारीक भोकं पडलेली असत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस एका बँकेत अधिकारी होते. माणसाच्या कपड्यांवरून त्याच्या व्यवसायाच्या प्रकृतीचा अंदाज येतो, असं ते म्हणत. गावंड्यांचा व्यवसाय त्यांना चाळणीसारखा वाटे.

गावंड्यांशी बोलताना कोणतंही विधान जपून करावं लागे. कारण ते ऐकून घेत, टोपी थोडी मागे सरकवत आणि विचारत, "शंभरातले किती?" कुर्ल्याची बस वेळेवर येते म्हटलं, तर शंभरातले किती. दारावरच्या आंबेवाल्याने सगळे देवगडचे आहेत सांगितलं, तर शंभरातले किती. त्यांच्याच घरी सत्यनारायण होता. ही पूजा करणाऱ्याचे सर्व मनोरथ सिद्धीस जातात, असं भटजींनी पोथी मिटून सांगितलं. गावंड्यांनी हात जोडलेल्या अवस्थेतच विचारलं. भटजी प्रामाणिक होते. थोडा विचार करून ते म्हणाले, तसं मोजलेलं नाही. गावंडे म्हणाले, मोजत चला. एवढं म्हणून त्यांनी प्रसाद भक्तिभावाने खाल्ला. तो उपहास नव्हता. जगात कोणी मोजत नाही याचं त्यांना खरोखरच वाईट वाटायचं.

खिसे फुगलेले असायचे ते दाण्यांनी. बोलता बोलता एखादा दाणा काढून ते दाताखाली धरत आणि आवाजावरून किती वाळलाय ते सांगत. एकदा त्यांच्या सुनेने भिजत घातलेला सदरा पाच दिवस बादलीच्या कडेवर तसाच राहिला आणि खिशात चार दाण्यांना कोंब आले. ती बिचारी घाबरत सांगायला आली. गावंड्यांनी सदऱ्याकडे पाहिलंही नाही. खिशात एकूण किती होते, एवढंच विचारलं.

सरकारी कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. बावीस वर्षं तो कागद स्वतः लिहिल्यामुळे असेल. त्यामुळे निळी चिठ्ठी मिळाली तरी माल सोडण्याआधी ते आणखी एक परीक्षा घेत. चारशे दाणे चार घरांत द्यायचे, दर घराला शंभर, आणि चारही घरांत नव्वद उगवले तरच पिशव्या बाहेर पडायच्या. एकाच घरात कशाला नाही? तर एका हाताचा, एका डोळ्याचा भरोसा नाही म्हणून. पहिलं घर त्यांचं स्वतःचं. दुसरं ताराबाई म्हात्र्यांचं. ताराबाई बिल्डिंगमागच्या गावठाणात राहत. आमचा जिना ज्या जागी आहे तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं, असं त्या सांगत, आणि ते सांगण्याच्या पद्धतीमुळे आम्हाला जिना चढताना नेहमी थोडं अपराधी वाटे. तिसरं घर सबनीसांचं. चौथं आमचं. माझी पत्नी नलिनी शाळेत गणित शिकवायची, ही तिची पात्रता.

सबनीसांनी या कामाला ताबडतोब एक स्वरूप दिलं. त्यांनी 'अंकुरण समिती' स्थापन करून स्वतःला तिचा अध्यक्ष केलं आणि एक लांब वही आणली. तिच्यात दिनांक, वेळ, उगवलेले दाणे, शेरा आणि अध्यक्षांची सही असे रकाने होते. बारा दिवस रोज शेऱ्याच्या रकान्यात 'प्रगती समाधानकारक' असं लिहिलेलं असे. पहिले तीन दिवस काहीच उगवत नाही, त्या दिवशीही. ताराबाईंनी आपली ओली गुंडाळी चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली होती. बारा दिवस थांबायची पद्धतच त्यांना पटत नव्हती.

"मेल्या दान्याचा वास येतो," त्या गावंड्यांना म्हणाल्या. "नाकाला कलतं. मोजाला कशाला पायजे?"

"नाक सगळ्याईले सारखं नसते ना, ताराबाई."

"मंग मोजनारा तरी सगला सारका असतो का?"

यावर गावंडे हसले. हसायला नको होतं.

पहिल्या वर्षी एकच लॉट होता, तीस पिशव्यांचा. एका पिशवीत एक एकर. घेणारे सगळे बोरखेडी नावाच्या एकाच गावातले, गावंड्यांच्या मामाच्या गावचे. चारही घरांत नव्वद, हा शब्द गावंड्यांनी त्यांना दिलेला होता. सरकारी कागद आला, निळ्या चिठ्ठ्या शिवल्या गेल्या. मग घरांचे आकडे आले. गावंड्यांकडे ब्याण्णव, ताराबाईंकडे एक्क्याण्णव, सबनीसांकडे सहीसह नव्वद, आमच्याकडे नव्वद. गावंड्यांनी चौघांच्या घरी जाऊन नमस्कार केला आणि पिशव्या ट्रकमध्ये चढल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले होते. नलिनी शाळेतल्या निकालाच्या बैठकीहून नुकतीच आली होती आणि काठावरच्या मुलांना कसं ग्रेस देऊन वर काढलं ते सांगत होती. एकतीसवाल्याला चार दिले, बत्तिसवाल्याला तीन दिले. गावंड्यांनी सवयीने विचारलं, शंभरातले किती? तिने सांगितलं, अकरा. चहात साखर टाकलेली असताना तिने पुन्हा टाकली. मी तिच्याशी सोळा वर्षं संसार केला होता; काहीतरी येतंय हे मला कळलं.

"गावंडेसाहेब," ती म्हणाली, "तुमच्या दाण्यांनाही मी चार दिले होते."

शहाऐंशीच उगवले होते. आणखी चार तडकलेले होते, आतून पांढरं दिसत होतं, पण कोंब बाहेर आला नव्हता. एखाद्या दिवसाचाच प्रश्न होता, तिने सांगितलं. काठावर होते. इतक्यासाठी सगळा लॉट अडेल असं वाटलं. चौदा वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या हाताने तिने शहाऐंशीचे नव्वद केले होते, आणि ते करताना आपण काही करतोय असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

गावंड्यांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. खिडकीबाहेर, पाण्याच्या टँकरपुढे लागलेल्या रांगेकडे त्यांनी पाहिलं. मग अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, पोराले चार मार्क वाढवून देल्ले तं ते पुढच्या वर्षी अभ्यास करते. दाना अभ्यास करत नाही."

आणि उद्या बोरखेडीला निघतो म्हणाले.

सबनीसांनी त्याच रात्री समितीची तातडीची बैठक बोलावली. त्यांनी चारही आकड्यांची बेरीज करून चारने भागलं. एकोणनव्वद पूर्णांक पंचाहत्तर शतांश आले. जवळच्या पूर्णांकात हे नव्वद होतात, त्यामुळे शब्द मोडलेला नाही, असा ठराव त्यांनी वाचून दाखवला. बँकेत राहून त्यांना पूर्णांकांचं बळ माहीत होतं. गावंडे म्हणाले, सरासरी शेतात उगवत नाही. त्यांच्या मुलाने सांगून पाहिलं, की बाबा, कायद्याला पासष्ट लागतात, दुकानातल्या बियाण्याचे पन्नास उगवले तरी लोक पेढे वाटतात, आणि तुम्ही शहाऐंशीला नापास करताय. ते गावंड्यांना मान्य होतं. पण पासष्ट हा सरकारचा शब्द होता आणि नव्वद त्यांचा. पेरणीला तीन आठवडे उरले होते. एकदा दाणा जमिनीत गेला की मग कबुली देऊन उपयोग नाही, एवढंच ते म्हणत राहिले.

चूक आमच्या घरातली असल्यामुळे त्यांच्यासोबत मी जावं असं ठरलं. कोणी ठरवलं हे मला आठवत नाही, पण माझी पिशवी भरलेली होती.

बोरखेडीच्या शाळेच्या व्हरांड्यात तीस-चाळीस माणसं जमली. गावंड्यांनी उभ्याने, टोपी हातात घेऊन सांगितलं, की चार घरांपैकी एका घरात शंभरातले शहाऐंशी उगवले, मी तुम्हाला नव्वद सांगितले होते, ते चुकलं. ज्याला ठेवायचं त्याने ठेवा, ज्याला नको त्याने पैसे घेऊन पिशवी परत द्या. ग्रेस मार्कांचं ते काही बोलले नाहीत. आमच्या घराचं नावही घेतलं नाही. मी भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्याकडे पाहत उभा होतो.

मला वाटलं, आता कोणीतरी उठेल आणि म्हणेल, असा माणूस पाहिला नाही. मी काही पुस्तकं जास्त वाचलेली आहेत. एक म्हातारा उठला खरा. कोपरीच्या आत हात घालून खाजवत त्याने शेजारच्याला विचारलं, हे मुंबईहून आले काय? शेजारचा हो म्हणाला. म्हाताऱ्याने गावंड्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चार दान्यासाठी कोनी मुंबईहून येते काय बाप्पा?" तो म्हणाला. "चार सांगून राहिला, म्हंजे चाळीस असन."

सभेचा निकाल तिथेच लागला. ज्याअर्थी विकणारा माणूस स्वतःच्या तोंडाने माल कमी आहे म्हणतो, त्याअर्थी आत काहीतरी भयंकर असलं पाहिजे, हे सगळ्यांना एकदम पटलं. इतकी वर्षं बियाण्याच्या दुकानांत जाऊन मिळवलेला तो अनुभव होता. संध्याकाळपर्यंत तिसातल्या एकोणतीस पिशव्या व्हरांड्यात परत आल्या. तिसावी आली नाही, कारण तिचा मालक देवराव राऊत लेकीच्या सासरी गेला होता. त्याला सभेची खबरच नव्हती.

परतीच्या एसटीत गावंडे खिडकीशी बसले. मी काहीतरी सांत्वनपर बोलायला गेलो. ते म्हणाले, लोकांचं बरोबर आहे. भरोसा नाही म्हणून तर ते तीन टाकतात. माझ्या शब्दाचं तेच केलं त्यांनी.

एकोणतीस पिशव्या घेऊन ते वाशीला आले. औषध लावलेलं बियाणं ढोरांना घालता येत नाही, आणि दमट हवेत ते पुढच्या वर्षापर्यंत टिकणार नव्हतं; सगळा माल वाया गेल्यातच जमा होता. नलिनीने आठ दिवस त्यांच्यासमोर यायचं टाळलं. नवव्या दिवशी तेच आले आणि मोजलेले शंभर दाणे तिच्या हातावर ठेवून म्हणाले, चला. बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवर त्या दोघांनी, मधे मधे ताराबाईंच्या सूचना ऐकत, ते शंभर दाणे एकेक करून टोबले. उगवले त्र्याऐंशी. खाडीच्या खाऱ्या जमिनीत आणि धो धो पावसात त्यातली अकरा झाडं जगली, आणि दिवाळीनंतर त्यांना चक्क बोंडं फुटली. म्हणजे प्रमुख पाहुण्यांचं भाषण थोडं उशिरा का होईना, खरं झालं. सबनीसांनी त्या प्लॉटजवळ पाटी लावायचं सुचवलं होतं. पाटी रंगून येईपर्यंत ताराबाईंच्या बकरीने विषय संपवला.

नलिनीला त्यांनी समितीतून काढलं नाही. चूक होऊ न देणारे लोक पुष्कळ असतात, चूक झाली ते सांगणारा माणूस मिळत नाही, असं ते म्हणत. ती मात्र इतकी कडक झाली, की कोंब अर्ध्या नखाएवढा आला तरी त्याला अनुपस्थित धरायची. शाळेतही तिने ग्रेस देणं बंद केलं. ज्यांनी यादवराव गावंड्यांचं नावही ऐकलेलं नाही अशा काही विद्यार्थ्यांचं खुद्द गावंड्यांनी या मार्गाने बरंच नुकसान केलं.

डिसेंबरात देवराव राऊत वाशीला आला. धोतर, हातात कापडी पिशवी, आणि वाटेत तीन ठिकाणी चुकून आल्यामुळे आधीच संतापलेला. कचेरीच्या बाल्कनीत उभ्यानेच त्याने तक्रार मांडली. त्याने रीतीप्रमाणे एका जागी तीन दाणे टाकले होते, आणि जिकडे तिकडे तिन्ही उगवले. आठ दिवस बाया लावून जास्तीची रोपं उपटावी लागली. विरळणीची मजुरी कोण देणार? गावात बाकीच्यांनी ऐनवेळी बाजारातून घेतलेलं बियाणं अर्धंमुर्धं उगवलं, त्यांना विरळणीचा त्रासच झाला नाही.

गावंड्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतकी चांगली तक्रार त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीत कोणी दिली नव्हती. त्यांनी देवरावला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मंग एकच टाकत जा ना, देवराव."

"एक?" देवराव म्हणाला. "मी येडा हाये काय?"

हे त्यांच्यातलं भांडण पुढे पाच-सहा वर्षं चाललं. देवरावच्या शेताकडे पाहून बोरखेडीची माणसं हळूहळू परत आली. आधी चार, मग नऊ, मग आजूबाजूची दोन गावं. धंदा तेवढ्यावरच राहिला. गावंड्यांना मोजता येईल त्यापेक्षा जास्त बियाणं ते विकत नसत, आणि त्यांना मोजायला वेळ लागे. दरम्यान बाजारात मोठ्या कंपन्यांची रंगीत पोस्टरं आली. त्यांच्यावर कापसाच्या ढिगात उभी राहून हसणारी एक बाई असे. गावंड्यांनी पोस्टरवर उगवणीचा आकडा शोधला. तो नव्हता. दर उन्हाळ्यात ते पिशव्यांसोबत बोरखेडीला जात, दर माणसाला एकच दाणा टाका म्हणून सांगत, आणि दर वर्षी लोक मान डोलवून तीन टाकत. देवराव तर त्यांना दाखवून दाखवून टाकायचा. त्याचं म्हणणं, बियाण्यावर भरवसा आहे, पण पाखरांवर नाही. पुढच्या वर्षी म्हणाला, पावसावर नाही. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाला, सरकारवर नाही.

चौऱ्याऐंशीत गावंड्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला. मुलाने बेलापूरकडे जागा बघायला घेतली होती. दिघ्याची शेड सोडून द्यावी असं घरात चाललं होतं. गावंडे कशालाच नाही म्हणत नसत आणि कशालाच हो म्हणत नसत. भर उन्हात खांद्यावर शाल घेऊन बाल्कनीत बसायचे. धंद्याचं कसं काय, असं एकदा विचारलं तर म्हणाले, अजून सुरू व्हायचा आहे.

त्यानंतरच्या जूनमध्ये देवरावचं पोस्टकार्ड आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, चार ओळींचं. या वर्षी एका जागी एकच दाणा टोबणार आहे, पाहाले या.

डॉक्टरांनी नको म्हटलं. सुनेने नको म्हटलं. गावंड्यांनी तिला शांतपणे पिशवी भरायला सांगितली, आणि या वेळीही माझी पिशवी आपोआप भरली गेली. प्रवासात एकदा त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटते, शेवटपर्यंत एकच टाकंल? मी म्हणालो, शंभरातले नव्वद तरी टाकेल. इतक्या वर्षांत त्यांना आवडलेलं माझं हे पहिलंच उत्तर असावं.

देवरावच्या शेतात सकाळी सातला टोबणी सुरू झाली. दोरीने चौफुल्या आखलेल्या, सहा बाया ओळीने वाकलेल्या, कमरेला बियाण्याची ओटी. गावंडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीच्या सावलीत उभे होते. त्यांच्यासाठी बाज आणून ठेवली होती, तिच्यावर ते बसले नाहीत. पहिल्या बाईने बोटाने खड्डा केला, एक दाणा टाकला, माती ओढली आणि ती पुढे सरकली. गावंड्यांनी टोपी काढली. दुसऱ्या बाईने एक टाकला. तिसरीच्या हातून चुकून दोन पडले. देवराव तिच्यावर असा खेकसला, की तिने त्यातला एक उचलून परत ओटीत टाकला. गावंडे ओठ हलवत मोजत होते. त्यांचे डोळे भरून आले होते की उन्हाने तसे दिसत होते हे मी सांगू शकत नाही, कारण मीही दुसरीकडे पाहत होतो. दुपारपर्यंत ते तसेच उभे राहिले, टोपी हातात, शाल खांद्यावरून घसरलेली. पुढच्या मार्चमध्ये ते गेले. माझ्या आठवणीत ते त्या धुऱ्यावर मोजत उभेच आहेत.

त्या दुपारी मी देवरावसोबत विहिरीवर पाणी प्यायला गेलो होतो. त्याचा विश्वास शेवटी कशाने बसला, हे मी त्याला विचारलं. हे वाक्य लिहून ठेवावं असा माझा विचार होता. देवरावने आधी मान वळवून, गावंडे ऐकण्याच्या अंतरावर नाहीत ना, ते पाहून घेतलं. मग त्याने चूळ भरली आणि सांगितलं, की गेल्या आठवड्यात जावई आला होता, तो बियाण्याची अर्धी पिशवी घेऊन गेला.